दुसरी नोकरी कुठाय?

रविवारी सकाळी भाच्याला घेऊन तर्री पोहे खायला गेलो होतो. चार दिवसांसाठी पुण्याहून आलाय. प्लेट हातात पडली न पडली तोच म्हणाला, “मामा, मी पुणं सोडून इकडेच नागपुरात यायचा विचार करून राहिलो.” म्हटलं, आधी खाऊन घे, तर्री थंड होते.

नागपुरात यावं का, हा प्रश्न मला दरवर्षी पाच-सहा जण विचारतात. कारण मी तो निर्णय घेऊन बसलोय. दहा वर्षं पुण्यात काढली आणि २०१९ मध्ये, मेट्रो खापरीपर्यंत धावायला लागली त्याच वर्षी, बिऱ्हाड उचलून मनीषनगरात आलो. लोकांना वाटतं हा आता संत्रा बर्फी, फुटाळा तलावावरची संध्याकाळ, मोकळे रस्ते असं काहीतरी सांगणार. तशा पोस्टी खूप आहेत, मीही एकेकाळी लिहिल्यात. ही तशी नाही.

सुख होतं ते खरंच होतं. पुण्यात कोथरूडहून हिंजवडीला जायला सव्वा तास, पाऊस असला तर देवाच्या हवाली. इथे मनीषनगरहून मिहान, म्हणजे विमानतळाजवळची कंपन्यांची वसाहत, वीस मिनिटं. पहिल्या महिन्यात संध्याकाळी सव्वासहाला घरी पोचलो की आई विचारायची, “काहून रे, बरं नाही का?” उरलेल्या वेळाचं काय करायचं हेच कळेना. मार्चअखेरीला छतावर कूलर उघडून बसलो, जुनं गवत काढलं, टाकीतला पांढरा खार खरवडला, पंप बादलीत टाकून चालवून बघितला. नवीन गवतावर पाणी पडलं आणि तो ओला वास आला तेव्हा वाटलं, बस, जिंकलो. (मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या वर गेला, तेव्हा कोण जिंकलं ते कळलं.)

मग तिसऱ्या वर्षी कंपनीने इथलं ऑफिस गुंडाळलं. हैदराबादला या, नाहीतर तीन महिन्यांचा पगार घ्या आणि नमस्कार.

तोपर्यंत मी एक गोष्ट कधी मोजलीच नव्हती. पुण्यात नोकरी गेली असती तर त्याच रस्त्यावरच्या पुढच्या गेटवर बायोडेटा दिला असता. मोठ्या शहराची श्रीमंती पहिल्या नोकरीत नसते, ती दुसरीत असते. पहिली नोकरी नागपुरातही मिळते. मिहानमध्ये टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस आहेत, परसोडीच्या आयटी पार्कात पर्सिस्टंट आहे. नावं मोठी आहेत, पण त्यात माझ्या कामाच्या, माझ्या अनुभवाच्या जागा किती? एक निघाली. ती भरलेली होती. सात महिने घरी होतो. सकाळी डबा न घेता बाहेर पडायचं आणि शेजारचे काका विचारतील म्हणून गाडीची चावी हातात ठेवायची, हे मी केलंय.

आणि हे अर्धंच झालं. बायको पुण्यात औषधांच्या चाचण्यांचं काम करायची, चांगल्या हुद्द्यावर होती. इथे फार्मसी कॉलेजात कंत्राटी शिकवते, निम्म्याहून कमी पगारावर. परत यायचं हे आम्ही दोघांनी मिळून ठरवलं, कापला गेला तो तिचा पगार. ती बोलून दाखवत नाही. मीही परवापर्यंत कुठे लिहिलं नव्हतं.

मग करतोस काय, असं विचाराल. नोकरी पुण्याची करतो, झोपतो नागपुरात. घरून काम, महिन्यातून एकदा हजेरी. अजनीहून पुण्याची वंदे भारत ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाली, तीही बारा तास घेते. म्हणजे जाण्याचा एक दिवस आणि येण्याचा एक दिवस गाडीतच. समृद्धी महामार्गाचं कौतुक मला सांगू नका. तो ७०१ किलोमीटरचा रस्ता मुंबईला जातो, पुणेवाल्याला संभाजीनगरला उतरून पुढचं नशीब बघावं लागतं. आणि एखाद्या सोमवारी साहेबांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं, की माझं नागपूर संपलं. म्हणजे तसं बघितलं तर मी परत आलेलोच नाही.

आता दुसरी बाजू. ती माझ्याकडे एकाच रात्रीची आहे, पण मोठी आहे. गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता बाबांचं तोंड वाकडं झालं. आईने फोन केला नाही, नुसतं दार वाजवलं. वर्धा रोड मोकळा होता, अकरा मिनिटांत धंतोलीत दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. आज बाबा स्वतःच्या हाताने चहा पितात. पुण्यात असतो तर मला तो फोन सकाळी आला असता आणि मी विमानाची तिकिटं शोधत बसलो असतो.

त्याच रात्री बाकावर एटापल्लीकडचे एक गृहस्थ शेजारी होते. मुलाला घेऊन आले होते, गडचिरोलीहून पुढे पाठवलेला. बोलता बोलता म्हणाले, “येवढ्या मोठ्या गावात तुमाले हरवल्यावानी नाई वाटत का?” मला आधी कळलंच नाही ते कुठल्या गावाबद्दल बोलून राहिले. आम्ही आपले स्वतःला लहान शहर म्हणवून घेत बसतो. २०११ च्या जनगणनेत २४ लाख लोक होते इथे, पुण्यात ३१. १९५६ पर्यंत हे राजधानीचं शहर होतं. आता राजधानीपण वर्षातून एकदा, हिवाळी अधिवेशनाला, एक-दोन आठवडे पाहुणं येतं, बर्डीपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत फलक लावून जातं. पण छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, चंद्रपूर इकडच्या माणसाला आजार जड झाला की मोठं शहर हेच. दवाखान्यांच्या बाबतीत आम्ही मोठे आहोत, नोकरीच्या बाबतीत लहान. एकाच गावात दोन गावं आहेत, आणि तुम्हाला कुठलं लागणार आहे ते तुमच्या वयावर आहे.

म्हणून ‘नागपुरात या’ किंवा ‘येऊ नका’ असं मी कोणाला सांगत नाही. पोहे संपवत आलेल्या भाच्याला एवढंच म्हटलं, “तुझ्या कामाच्या कंपन्या बोटांवर मोज. आधी पुण्यातल्या.”

दोन्ही हात संपले. गाड्यांमधल्या सॉफ्टवेअरचं काम आहे त्याचं, पुण्यात काय कमी.

“आता इथल्या.”

पहिलं बोट झटकन उघडलं. दुसरं जरा थांबून. तिसरं अर्धं उघडून तो ठेल्यावरच्या कढईकडे बघत राहिला, मग ते परत मिटलं.

“आणि दुसऱ्या हातावर तिच्या मोज,” मी म्हटलं. डिसेंबरात लग्न आहे. ती आर्किटेक्ट आहे.

“तिला अजून विचारलंच नाही, मामा.”

“मग मला काहून विचारून राहिला बे?”

त्याने प्लेट खाली ठेवली, बोटाला लागलेली तर्री रुमालाला पुसली आणि फोन काढला. मी पैसे द्यायला उठलो.