मागं वळून बघायचं न्हाई

पंचवीस जोर. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, सकाळी सहाला, आमराईत, आणि तेही शेजारी एक मिसरूड फुटलेलं पोरगं मारत होतं म्हणून. त्याने आधी अंग मोकळं केलं असणार. मी चप्पल काढली आणि थेट खाली वाकलो. तेविसाव्याला मानेत उजवीकडे कट्ट झालं. आता दोनच राहिलेत तर कशाला सोडा, म्हणून तेही मारले.

घरी आल्यावर आईने माझी उशी गच्चीवर उन्हात टाकली. मान माझी, शेक उशीला. बायकोने हळद-तेल कोमट करून थापलं. सांगलीत राहून दुसरं काय थापणार? 2018 मध्ये इथल्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा रंग किती पक्का असतो ते माझ्या पांढऱ्या कॉलरला विचारा. ऑफिसात जो तो येऊन, ‘‘हळद लागली वाटतं! आम्हाला पत्रिका न्हाई?’’ मान हलवून नाही म्हणायचीही सोय नव्हती. कुणी उजवीकडून हाक मारली की मी उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट वळावा तसा अख्खा वळत होतो.

संध्याकाळी पार्किंगमध्ये तसाच वळताना तळमजल्यावरच्या काकूंनी पकडलं.

‘‘उसण भरलीय. पायाळूची लाथ खावा.’’

‘‘काकू, मान आहे. उसण पाठीत भरते.’’

‘‘मान काय पाठीला सोडून हाय व्हय?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

‘‘आमचा पुतण्या पायाळूच हाय. जन्मताना आधी पाय बाहेर आले. दोन दिवस नुसता घोर लावला होता त्यानं.’’

हा पुतण्या म्हणजे इंजिनिअरिंगला असलेला तो मुलगा, ज्याची बुलेट तीन महिन्यांपासून माझ्या जागेत उभी आहे. खांबावर रंगाने माझा फ्लॅट नंबर लिहिलाय, त्याला टेकून. सोसायटीकडे दोन अर्ज दिलेत. दोन्ही वेळा ‘बघूया’. मी गाडी बाहेर रस्त्यावर, गटाराच्या कडेला लावतो. देखभाल खर्च मात्र महिन्याच्या महिन्याला पूर्ण भरतो.

काकूंनी हाक मारली. पुतण्या एका कानात इअरफोन ठेवूनच आला.

‘‘डाव्या पायानं का उजव्या?’’ त्याने विचारलं. माझ्याकडे बघून नाही, काकूंकडे.

‘‘उजव्या. तीनदा.’’

‘‘चप्पल काढू?’’

‘‘काढ की रं! मोठी माणसं हाईत.’’

एवढाच काय तो माझा मान राखला गेला. मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. समोर त्याच्या बुलेटची टाकी, तिच्यात माझं तोंड, लांबट आणि पिवळं.

‘‘आता एक ध्यानात ठेवा,’’ काकू म्हणाल्या, ‘‘लाथ बसली की सरळ चालू लागायचं. मागं वळून बघायचं न्हाई.’’

‘‘काकू, मागं वळून बघता येत असतं तर मी इथं उभा राहिलो असतो का?’’

‘‘तेच तर. म्हणजे गुण येणारच.’’

पहिली लाथ हलकी होती. दुसरीच्या वेळी त्याला फोन आला. ‘‘अरे थांब, एका काकांना लाथ मारतोय,’’ असं तो म्हणाला आणि पलीकडचा हसलेला मला ऐकू आला. तिसरी जरा मनापासून होती. ते दोन अर्ज त्याच्या कानावर गेले असावेत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. वाटेत प्रत्येक गतिरोधक मानेने मोजला. डॉक्टर म्हणाले, थंड स्नायूंवर एकदम ताण आला की ते आखडून बसतात. मानेत सात मणके, जिराफाच्या मानेतही सातच, आणि माणसाच्या डोक्याचं वजन साधारण पाच किलो. माझ्या डोक्यात एवढा ऐवज असेल हे घरी कुणी मानलं नाही. पाच-दहा मिनिटं चालून, खांदे-हात फिरवून मग जोर मारले असते तर बहुधा हे टळलं असतं, म्हणाले. नंतर सगळेच सांगतात. आमराईत त्या दिवशी किमान चाळीस जण फिरत होते, एकालाही ‘काका, आधी खांदे फिरवा’ म्हणवलं नाही. घरी मात्र त्यातले तिघे नारळपाणी घेऊन बघायला आले.

गोळ्या, शेक, थोडीथोडी हालचाल, पाचव्या दिवशी मान सुटली. आईच्या मते उशीमुळे, बायकोच्या मते हळदीमुळे. काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, ‘आमच्या पिल्लूच्या पायगुणाने साहेबांची मान बरी झाली. कुणाला उसण असल्यास संध्याकाळी सहानंतर भेटावे.’ खाली एकोणीस अंगठे. त्यात चेअरमनचा एक. माझ्या अर्जाला त्यांनी अंगठासुद्धा दिला नव्हता.

तिसरा अर्ज लिहून ठेवलाय, पण आता देऊ कुठल्या तोंडाने? काल माधवनगरहून एक गृहस्थ कमरेवर हात ठेवून आले. लाथ खाऊन, मागे न बघता, सरळ चालत बाहेर गेले. त्यांची स्कूटी राहिली. माझ्याच जागेत, बुलेटच्या शेजारी.