साक्ष राहू द्या, आधी ती पाटी बघा

आज दुपारी साक्षरता वर्गाला पाहुणे आले होते. मोठ्या मंडळीचे (म्हणजे चर्चचे), मनाने चांगले, हेही लिहून टाकते. मोबाइल स्टँडवर लावला, पुढे बसलेल्या एका बहिणीच्या हातात माइक दिला आणि म्हणाले, "ताई, लहानपणी तुमच्यावर काय बेतलं आणि प्रभूने तुम्हाला कसं बरं केलं, याची दोन मिनिटांत साक्ष द्या."

दोन मिनिटांत!

ती काही बोलली नाही. मांडीवरच्या पाटीवर जे लिहिलं होतं ते पदराने पुसलं आणि खाली बघत बसली. पाहुण्यांना वाटलं, लाजली. लाजली नव्हती हो.

वर्गात आली तेव्हापासून ती असंच करायची. लिहायचं आणि कुणी बघायच्या आत पुसायचं, बरोबर असो की चूक. शिकवणारीला वाटायचं हिला येत नाही. चार महिन्यांनी एकदा मेथी निवडता निवडता कुणी न विचारता बोलली. काय बोलली ते इथे येणार नाही. कळलं ते एवढंच की, पाठीमागे कुणी उभं राहिलं की तिचा हात थांबतो. त्या दिवसापासून शिकवणारी फळ्यापाशी नाही, तिच्या शेजारी सतरंजीवर बसते. आणि गेल्या महिन्यात तिने पहिल्यांदा पाटी न पुसता पुढे केली. त्यावर 'नगर' लिहिलं होतं.

आज परत पदर.

आता ज्यांना 'साक्षरतेतून सेवा' करायची हौस आहे त्यांनी जरा ऐकावं. बाराखडी घोकून घेणं ही पहिली चूक. पन्नाशीच्या बाईला का-कि-की करायला लावलं की ती आठवड्यात घरी बसते. ग, म, न ही सारख्या वळणाची तीन अक्षरं घ्या आणि त्याच दिवशी शब्द करा: मन, मग, नमन. मग र आणि स. पाच अक्षरांत रस, गरम, नगर वाचता येतं, आणि एसटीची पाटी निम्मी तरी कळते. (आता पाटीवर अहिल्यानगर असतं, पण शेपूट तेच.) त्यानंतर काना. दुसरी वेलांटी आधी, पहिली मागाहून, कारण पहिली वेलांटी बोलायची अक्षरानंतर आणि लिहायची अक्षराआधी. तिथे भल्याभल्या अडतात. रफार आणि जोडाक्षरं अगदी शेवटी. एका बैठकीत नवी अक्षरं दोन, फार तर तीन. दहा-बारा जणींच्या वर एक शिकवणारी पुरत नाही.

सही आली की थांबू नका. अंगठा सुटला की घरचेही म्हणतात, झालं की आता, कशाला जायचं? वर्ग गळायला लागतो तो इथेच. सहीच्या पुढच्याच आठवड्यात पासबुक, गोळ्यांचं पाकीट, रेशनची पावती समोर ठेवा. उल्लासची, म्हणजे सरकारच्या प्रौढ साक्षरता कार्यक्रमाची, परीक्षा द्यायला लावा. वाचन, लेखन, संख्याज्ञान, ५०-५० गुणांचे तीन भाग आहेत, आणि प्रमाणपत्र सरकारचं मिळतं, मंडळीचं नव्हे. दसऱ्यानंतर ऊसतोडीचे कोयते कारखान्यांच्या वाटेला लागतात, तेव्हा ज्या जाणार त्यांच्याबरोबर वही आणि वाचता येईल तेवढाच मजकूर द्या. नाहीतर उन्हाळ्यात परत 'ग'पासून.

आणि चष्मा! चाळिशी उलटलेल्या बाईला 'डोक्यात शिरत नाही' म्हणण्याआधी ती पुस्तक हातभर लांब धरते का ते बघा. डोळे तपासून दीड-दोन नंबरचा जवळचा चष्मा मिळाला की निम्म्या 'मठ्ठ' बायका हुशार होतात.

आपल्या लोकांची खास चूक वेगळीच. गीतांचं पुस्तक हातात देतात, बाई ओळीवरून बोट फिरवत सगळं म्हणते, आणि फोटो निघतो: बहीण वाचू लागली! अहो, तिला ते गीत लहानपणापासून पाठ आहे. ओळीवर हात ठेवा, मधलाच एक शब्द उघडा ठेवा आणि विचारा हा कोणता. मग कळतं.

फ्रँक लॉबाक हा मिशनरीच होता. १९३० च्या सुमारास फिलिपाइन्सच्या लानाओ भागात मुस्लिम मारानाव लोकांमध्ये त्याने 'एकाने एकाला शिकवा' हे सुरू केलं. शिकवणाऱ्याला त्याची ताकीद असे: ज्याचं उत्तर समोरच्याला येणार नाही असं वाटतं, तो प्रश्न विचारूच नका. आज माइक पुढे करणाऱ्याने एवढं एक पाळलं असतं तरी पुरे होतं.

लहान मुलांचं तर बोलायलाच नको. मुलांच्या मनाच्या जखमा भरण्याचे अभ्यासक्रम आता पुष्कळ मंडळ्यांत आलेत. चांगले आहेत, मी त्यांच्या बाजूची आहे. पण आपल्याकडे तीन दिवसांचं शिबिर केलं, की चौथ्या दिवशी आपण समुपदेशक! ऐकायचे प्रश्न तीनच: काय झालं, तेव्हा कसं वाटलं, सगळ्यात अवघड काय होतं. 'का' विचारायचं नाही, कारण 'का' म्हटलं की मुलाला वाटतं चूक आपलीच. गट सहा ते आठ मुलांचा, मोठी माणसं कायम दोन, दार उघडं. 'तुझ्यावर काय बेतलं ते काढ' असं सांगून चित्र काढून घ्यायचं नाही. कागद आणि खडू द्या, मूल काय काढायचं ते काढेल. घर काढेल, नाहीतर नुसतं काळं करेल. रडलेलं मूल तसंच घरी सोडायचं नाही. शेवटची वीस मिनिटं लंगडी, विषामृत, शेंगदाण्याची चिक्की, काहीही, पण हसून गेलं पाहिजे.

'बापाला क्षमा कर' हे पहिल्याच बैठकीत म्हणणाऱ्यांना काय म्हणावं तेच कळत नाही. क्षमेचा धडा त्या अभ्यासक्रमातही उशिरा येतो. आधी विलाप. स्तोत्र १३ उघडा, दावीद देवाला सरळ जाब विचारतो. त्याला चालतं, आणि आपल्या आठ वर्षांच्या पोराने मात्र हात जोडून धन्यवाद म्हणायचं?

आणि 'मी कुणाला सांगणार नाही' असं वचन मुलाला कधीही देऊ नका. लैंगिक अत्याचार कानावर आला तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवावंच लागतं. पाळकांनाही, महिला मंडळालाही. मुलाची ओळख उघड करणं हा वेगळा गुन्हा. 'घरातल्या घरात प्रार्थनेने मिटवलं' असं कुणी कौतुकाने सांगू नका, प्लीज. चाइल्डलाइन १०९८. मूल पुन्हा अंथरूण ओलं करायला लागलं, जेवेना, मरायचं बोललं, तर प्रार्थना कराच, पण आधी जिल्हा रुग्णालय गाठा किंवा टेली-मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन लावा.

हो, अहवाल पाठवावे लागतात, फोटोशिवाय देणगी येत नाही, मान्य. वर्गखोलीचं भाडं स्तोत्रांनी भरता येत नाही. मग पाट्यांचे फोटो काढा. हातांचे काढा.

कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच, मग शुभवर्तमान सांगायचंच नाही का? पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा मुलींनी आपापला धर्म पाळायला मोकळीक होती. सदन पुण्याला हलल्यावर १८९३ मध्ये तिथे धर्मांतरावरून वादळ उठलं, रानडे-भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे केडगावात, त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये, धर्मांतरं झाली, नाही म्हणत नाही. पण १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या पोरींना बाईंनी आधी काय दिलं? अन्न, अंघोळ, कपडे, मग अक्षर, मग हाताला काम. साध्या मराठीत बायबल त्यांनी स्वतः केलं आणि ते छापलं मुक्तीच्याच छापखान्यात बायकांनी, खिळे जुळवून. उपाशी पोरीकडे दोन मिनिटांची साक्ष कुणी मागितली नव्हती.

चिडून लिहितेय, कळतंय मला. पाहुण्यांना दुखवायचं नव्हतं. निघताना त्यांनी वर्गासाठी पाट्यांचं एक खोकं दिलं, चोवीस पाट्या, लाकडी चौकटीच्या, आणि त्या हव्याच होत्या.

पण दादा, तुम्ही हे वाचाल म्हणून लिहिते. ती गप्प बसलेली असतानाही कॅमेरा चालूच होता. तो व्हिडिओ कुठल्या ग्रुपवर टाकला असेल तर आज रात्रीच काढा, आणि फोनमधल्या कचऱ्याच्या डब्यातूनही काढा. तिथे तो महिनाभर तरी पडून राहतो.