सव्वाबारा माणसांची संमती

विलेपार्ल्यातली आमची इमारत १९६९ सालची आहे आणि तिच्या सज्जांचे प्लास्टर ज्या नियमितपणे खाली येते, त्या नियमितपणे आमच्याकडे पाणीदेखील येत नाही. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचे असल्यामुळे ते आम्ही करून घेतले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या हॉलमध्ये मी तो अहवाल वाचू लागलो, तेव्हा छताविषयीचा परिच्छेद ऐकून पंख्याखालची मंडळी उठून भिंतीला टेकली आणि भिंतींचा परिच्छेद येताच पुन्हा पंख्याखाली आली. त्याच सभेत, मी चहा सांगायला बाहेर गेलो असताना, माझी सचिवपदी एकमताने निवड झाली. संस्थेच्या इतिहासातले ते शेवटचे एकमत.

मग पुनर्विकासाचा, म्हणजे जुनी इमारत पाडून विकासकाकडून नवी बांधून घेण्याचा, विषय निघाला. पूर्वी बाजारभाव, साखर आणि सुना एवढ्याच विषयांवर बोलणारी माणसे आता एफएसआय (भूखंडावर किती बांधता येते), फंजिबल (त्यावरचे जादा बांधकाम) आणि कॉर्पस (विकासकाने सदस्यांना द्यायचा निधी) यांवर बोलू लागली. ज्यांच्या घरात जन्मात सतरंजीपलीकडे काही अंथरले गेले नाही, ते कार्पेटवरून, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळावरून, हमरीतुमरीवर आले. महापालिकेच्या विकास नियमावलीत आमच्यासारख्या जुन्या सहकारी संस्थांना १५ टक्के किंवा सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांपैकी जे अधिक असेल तेवढे प्रोत्साहनपर बांधकाम क्षेत्र मिळते, हे मी समजावून सांगितले. तेव्हा त्या नियमावलीच्या नावातले २०३४ हे साल वाचून तळमजल्यावरच्या आप्पांनी, 'हे इमारत पूर्ण होण्याचे की आपण संपण्याचे?' अशी शंका विचारली.

विकासक निवडण्यासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयानुसार दोन तृतीयांश गणपूर्ती आणि एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. गणपूर्तीची मला धास्ती होती, परंतु निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर सभेचे चित्रीकरण होणार ही बातमी पसरताच सहा काकू पैठणी नेसून वेळेआधी हजर झाल्या. खरी अडचण संमतीची होती. आम्ही सदस्य २४. त्यांचे ५१ टक्के म्हणजे सुमारे सव्वाबारा माणसे. बारा सह्या दीड तासात झाल्या आणि तो उरलेला पाव माणूस मिळवायला रात्रीचे साडेदहा वाजले. तो पाव माणूस म्हणजे आप्पा. त्यांचा पुनर्विकासाला विरोध नव्हता. विकासकाला, नकाशाला, लिफ्टला आणि आपली जाईची वेल सोडून भाड्याच्या घरात जाण्याला तेवढा होता. अखेर त्यांनी सही केली, मात्र तिच्यापुढे स्वच्छ अक्षरात 'नापसंतीसह' असे लिहिले.

त्यानंतर महापालिका. आमच्या वास्तुविशारदाबरोबर मी इतक्या खेपा घातल्या की तिथला शिपाई मला कर्मचारी समजून रजेचे अर्ज देऊ लागला. झाडांची परवानगी, अग्निशमनाचा दाखला, शिवाय विमानतळ जवळ असल्यामुळे उंचीचेही ना हरकत पत्र. (आमच्या डोक्यावरून दर काही मिनिटांनी जाणाऱ्या विमानांची हरकत मात्र आम्हाला कोणी विचारत नाही.) हे सारे सोपस्कार उरकून एकदाचा तो बहुप्रतीक्षित कागद हाती आला आणि त्याचे नाव वाचून माझे पाय लटपटले. १८८८ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ३४६ खाली बांधकामाची जी परवानगी मिळते, तिचे अधिकृत इंग्रजी नाव 'इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल', म्हणजे चक्क नापसंतीची सूचना, असे आहे. पुढील अटी पूर्ण होत नाहीत तोवर आम्हाला हे पसंत नाही, असा तिचा भाव असतो. लग्नाच्या याद्या करताना वरपक्ष नेमका याच सुरात होकार देतो, हे आठवल्यावर मला थोडा धीर आला.

त्या संध्याकाळी नापसंती मिळाल्याच्या आनंदात आम्ही दोन किलो पेढे वाटले. आप्पांनी तो कागद चष्मा पुसून दोनदा वाचला, एकाऐवजी दोन पेढे उचलले आणि प्रसन्न मुद्रेने म्हणाले, "अखेर महापालिकाही माझ्याच मताची निघाली."