गरिबी हटवायचीय? आधी अंगठा दाखवा

समाजातली भूक कमी व्हावी असं मनापासून वाटणारे आपल्याकडे चिक्कार. त्यांना मार्गदर्शन तेवढं मिळत नाही. आमच्या भांडीवाल्या मावशींबरोबर गेल्या आठवड्यात तीन दिवस रेशनच्या रांगेत उभा होतो, तेव्हा माझा अधिकार मान्य करा.

आधी गरीब ओळखायला शिका. महाराष्ट्रात, शहरातल्या ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न 59,000 च्या आत, ते रेशनच्या प्राधान्य यादीत. ही रेघ 2013 सालची. घरात पाच माणसं धरून भागाकार करा, माणशी दिवसाला 32 रुपये येतात. हाच 32 चा आकडा 2011 मध्ये नियोजन आयोगाने शहरी गरिबीची रेषा म्हणून सुप्रीम कोर्टात दिला, तेव्हा देशभर हसं झालं होतं. आयोग गेला, हसणारे दमले, 32 रुपये आहेत तिथेच आहेत.

गरिबाच्या हातात मोबाईल दिसला की सोसायटीच्या ग्रुपवर टाका. आपल्या मोबाईलवरून.

वाढदिवसाला केळी वाटा. एका केळ्यामागे चार फोटो, हे प्रमाण सांभाळा.

आता मुख्य उपाय: अंगठा. अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्य, 2023 पासून फुकट. फक्त मशीनवर अंगठा उठला पाहिजे. मावशींचा उठत नाही. पहिल्या दिवशी सर्व्हर डाऊन. दुसऱ्या दिवशी सर्व्हर आला, ठसा येईना. दुकानदार म्हणाला, हात धुऊन या. अहो, तीस वर्षं ती बाई हातच धुतेय! तुमची-आमची खरकटी घासून बोटांवरच्या रेघा गेल्या, आणि आता मशीन तिला विचारतंय, तू कोण? ओटीपी घ्या म्हटलं, तर तो पोराच्या जुन्या नंबरावर जातो. डोळ्यांचं मशीन? "बंद आहे." धान्य देत नसाल तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो, कायद्याचं कलम 8, असं मी ऐकवलं. दुकानदार हसला. "साहेब, तुम्ही वकील का?" तिसऱ्या दिवशी पुन्हा सर्व्हर. पोती मागे दिसत होती. थप्पीच्या थप्पी.

तीन दिवसांचे तीन खाडे झाले. दोन घरांनी पैसे कापले. त्यातलं एक आमच्याच वरच्या मजल्यावरचं, "या लोकांना फुकटचं खायची सवय लागलीय" असं रोज सकाळी ग्रुपवर लिहिणारं.

पुढचा उपाय लिहून ठेवला होता, उपवासाचे फायदे वगैरे. जाऊ द्या. नाही जमत आता.

लाज वाटत नाही का हो? महिन्याचं पाच किलो म्हणजे दिवसाला दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम. तेवढ्यासाठी बाई तीन दिवस उभी राहते आणि तुम्ही तिचा खाडा कापता? कापलेले पैसे आजच्या आज परत करा. तिच्यासोबत अन्नपुरवठा कार्यालयात जा, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. तिला एकटीला तिथे कुणी बसासुद्धा म्हणत नाही.

आम्ही गुरुवारी जातोय. वरच्या मजल्यावर कळवून ठेवतो: त्या दिवशी भांडी तुमची तुम्ही घासायची. करपलेल्या कढईसकट.