जाम, जेली आणि दारूबंदी

गांधीजी १९३६ साली सेवाग्रामला राहायला आले, तो आमचा वर्धा जिल्हा. इथे दारूबंदी. म्हणून जांभळाची मी फक्त जेली करतो. कायदा पाळणं सोपं आहे हो, जेली थिजवणं नाही.

जांभळ्या गराच्या जांभळात मुळात पेक्टिन कमी, आणि रस थिजतो तो त्याच्यामुळेच. ते मिळतं कच्च्या पेरूत. आमच्याकडे पेरूला म्हणतात 'जाम'. त्यामुळे "काकू, अर्धा किलो जाम द्या ना वो!" असं कुंपणावरून ओरडलं की रस्त्यावरचे दोघं-तिघं थबकतात.

दोन किलो जांभळाला अर्धा किलो कच्चे जाम, बियांसकट चिरून. जांभळं हातानंच कुस्करायची. बी ठेचली की तुरटपणा उतरला. गंजात फळं जेमतेम बुडतील एवढंच पाणी, वीस-पंचवीस मिनिटं उकळायचं, मग जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून रात्रभर टांगायचं. घरातल्या प्रत्येकाला येता-जाता ते गाठोडं पिळावंसं वाटतं. पिळलं की रस गढूळ, जेलीही गढूळ. मी खाट तिथंच टाकतो.

सकाळी परीक्षा. चमचाभर गार रसात दोन चमचे सर्जिकल स्पिरिट. पाच मिनिटांत एकसंध गोळा झाला तर वाटीला वाटी साखर; तुकडे पडले तर पाऊण वाटी. नुसतेच कण दिसले तर पुन्हा काकू, पुन्हा जाम. हा रस फेकायचा, चाखायचा नाही. मेडिकलवाल्याला हे आधीच सांगावं, तो बाटली देताना आपल्या तोंडाकडे बघत असतो.

लिटरभर रसाला दोन लिंबं पिळायची. त्याहून जास्त एका वेळी शिजवू नये. फेस असा चढतो की शेगडी जांभळी होते. सराट्यावरून थेंब सुटे टपकले तर थांबा. दोन थेंब एकमेकांना धरून पापुद्र्यासारखे सुटले, म्हणजे साधारण १०५ अंश, की लगेच उतरवा. तेवढ्यात फोन घेतलात तर बरणीत डिंक.

पण खरा घात साखरेची काटकसर करते. साखर ६५ टक्क्यांच्या आसपास असली की यीस्ट गुमान बसतं. 'पाहुण्यांना डायबेटीस आहे' म्हणून हात आखडला, की आठवड्यात बुडबुडे येतात, झाकण फुगतं. म्हणजे वाइनच, तीही विनापरवाना.

फुस्स आवाज आला की मी आधी खिडकी लावतो.