वेबर लावा म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

माझी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) स्लोला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन मंद चालू असताना, अडखळते, त्याबद्दल मी लिहिलं होतं. त्यावर तुमची कमेंट वाचली, की "एमजीबी स्लोला मिसिंग मारते तर त्या स्मॉगच्या सगळ्या नळ्या उपटा, झेनिथ-स्ट्रॉमबर्ग भंगारात घाला आणि वेबर बसवा, त्यासाठी एवढं पुराण कशाला, आणि व्हॉल्व्ह क्लिअरन्सबद्दल एक अक्षर नाही". (नव्या वाचकांसाठी: झेनिथ-स्ट्रॉमबर्ग आणि वेबर हे कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारे भाग; स्मॉगच्या नळ्या म्हणजे प्रदूषण कमी करणारी यंत्रणा.) शेवटचं मान्य, तिथे मी चुकलो. क्लिअरन्स (व्हॉल्व्हची फट) आणि कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघितल्याशिवाय कार्बला हात लावूच नये, मी ते आधीच केलेलं होतं म्हणून लिहायचं राहून गेलं.

पण उपटायचं म्हणाल तर, अहो माझी गाडी 1978ची आणि मी राहतो कॅलिफोर्नियात. इथे 1975 पर्यंतच्या गाड्या स्मॉग चेकमधून सुटतात, पुढच्यांना दर दोन वर्षांनी जावंच लागतं, आणि तो माणूस नुसता धूर बघत नाही, बॉनेट उघडून एअर पंप, ईजीआर (थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), नळ्या जागेवर आहेत का तेही बघतो.

बरं कायदा सोडा. एअर पंप हवा सोडतो एक्झॉस्ट पोर्टमध्ये, म्हणजे पेट्रोल जळून झाल्यावर, तो स्लो बिघडवेल कसा? बिघडवतो तो गल्प व्हॉल्व्ह. थ्रॉटल झटकन सोडला की इनटेक मॅनिफोल्डमध्ये (कार्बकडून इंजिनात जाणाऱ्या वाटेत) क्षणभर हवा द्यायची, नाहीतर सायलेन्सरमध्ये फटाके, एवढंच त्याचं काम, पण आतला डायफ्रॅम फाटला की तो सतत हवा देत बसतो. त्याची मॅनिफोल्डकडची नळी पकडीने दाबायची (फडकं गुंडाळून, जुनं रबर लगेच तडकतं), इंजिन सुधारलं तर चोर सापडला. ईजीआर उघडा अडकला असेल तर स्लोला थडथडाट आणि हायवेवर गाडी बऱ्यापैकी ठीक.

माझ्याकडे हे दोन्ही ठणठणीत निघाले. शेवटी सापडलं काय, तर ऑइलचं झाकण! मी हौसेने चकचकीत क्रोमचं घेतलं होतं, त्याला श्वास घ्यायची भोकं. या मॉडेलमध्ये क्रँककेसची (इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या भागाची) नळी कार्बला जाते आणि आत हवा यायची ती फक्त चारकोल कॅनिस्टरकडून (पेट्रोलची वाफ अडवणारा कोळशाचा डबा), व्हॉल्व्ह कव्हरच्या बारीक भोकातून, त्यामुळे झाकण बंदच पाहिजे. भोकाचं लावलं की कार्ब तिथूनही फुकटची हवा ओढतो आणि मिक्स्चर लीन, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन चालू असताना झाकणावर तळहात दाबून धरला आणि आवाज तिथल्या तिथे बदलला, बायको दारातून म्हणाली आता काय केलंस.

आता विचार करा, मी वेबर लावला असता, त्या भरात क्रँककेसची नळीही काढली असती, म्हणजे झाकणातून येणारी हवाही थांबली असती, गाडी सुधारली असती आणि आयुष्यभर वेबरचे गोडवे गात बसलो असतो.

तुमची गाडी कुठल्या सालची ते मात्र लिहा. 74ची किंवा आधीची असेल तर तिच्यावर दोन एसयू कार्ब असणार, मग कार्बबद्दलचं माझं बरंचसं तुम्हाला लागूच होत नाही.