पहिल्या भागातच इतिहासतज्ज्ञ व्हा

ऐतिहासिक निन्जा अ‍ॅनिमे बघायला बसताना मन कोरं ठेवू नका. मत आधीच तयार असलं की भाग पटकन संपतो. २००५ची ‘बॅसिलिस्क’च घ्या. भाग २४ आहेत, पण तुमच्यासारख्या जाणकाराला एक पुरे. खरं तर त्याचीही पहिली दहा मिनिटं.

काळ १६१४चा. जपानातल्या सुन्पूच्या किल्ल्यात म्हातारा तोकुगावा इएयासू, म्हणजे गादी मुलाला देऊनही सूत्रं हातात ठेवणारा पहिला तोकुगावा शोगुन (लष्करी सत्ताधीश), बसलाय आणि समोर दोन निन्जा एकमेकांच्या जिवावर उठलेत. एक कोळ्यासारखा भिंतीवर चढून चिकट थुंकी सोडतो, दुसरा केसांच्या दोरांनी कापाकापी करतो. इथे मालिका थांबवा आणि स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल असं म्हणा, “याला ऐतिहासिक म्हणायचं?”

थुंकीवर जितके अडकाल तितकं बरं, म्हणजे इएयासूच्या सौद्याकडे लक्ष जाणार नाही. तिसरा शोगुन कोणता नातू, ताकेचियो की कुनिचियो, हा त्याच्या घरातला तंटा. तो सोडवायला इगा आणि कोगा या निन्जांच्या दोन मुलखांतले दहा-दहा जण एकमेकांवर सोडायचे. नावं गुंडाळीवर लिहायची, माणूस मेला की रक्ताने खोडायची. नातवंडं तेव्हा दहाच्या आतबाहेरची. बरं, १५८२ साली इएयासूचा बलाढ्य मित्र नोबुनागा मारला गेल्यावर इएयासू जीव घेऊन पळाला तो याच इगाच्या डोंगरांतून, आणि त्याला वाट काढून दिली ती म्हणे इगा-कोगाच्याच लोकांनी. त्याची ही परतफेड! पण हे खटकू देऊ नका. गादीसाठी दुसऱ्यांची पोरं मारणं कुठल्याही इतिहासात बसतं. थुंकी बसत नाही.

मग पोशाख. सगळे काळ्या कपड्यांत का नाहीत, म्हणून तक्रार करा. तो वेश नाटक-चित्रांतून रूढ झाला, खरा हेर साधू नाहीतर फेरीवाला होऊन फिरायचा, १६७६च्या ‘बान्सेनशुकाई’ या त्यांच्या विद्येच्या ग्रंथातही वेषांतरावर भर आहे, असं कुणी म्हणालंच तर हसा. लांबून ओळखू येतो तोच खरा हेर, या मुद्द्यावरून हटू नका. ओघात बहिर्जी नाईकांचं नाव काढा. मराठी माणसाने निन्जा पाहिला आणि बहिर्जी काढले नाहीत, असं होत नसतं. त्यांच्याबद्दल पुढे काही विचारलं तर पाणी प्यायला उठा.

कोगाचा गेन्नोसुके आणि इगाची ओबोरो दिसले की जांभई द्या: वैरी घराण्यांतली प्रेमकथा, शेवट ठाऊक. त्याच्यावर चालून जाणारा त्याच्या नजरेने स्वतःचाच जीव घेतो. तिने नुसतं पाहिलं तरी समोरच्याची विद्या निकामी होते. शस्त्र न उचलता लढाई थांबवू शकणारी हीच दोघं, आणि मरणाच्या यादीत नावं त्यांचीही, हा विचार पुढच्या भागांत छळू लागतो. म्हणून दुसरा भाग लावूच नका.

निकाल हवा असेल तर मालिका कशाला बघायची? १६२३ साली ताकेचियो इएमित्सु नावाने शोगुन झाला, आणि पुढच्या दहा-अकरा वर्षांत धाकट्या भावाला त्याने आत्महत्या करायला लावली. म्हणजे वीस माणसं खर्ची घालूनही घरातला तंटा मिटला नाहीच. एवढं टाइप करा आणि ताबडतोब पाठवा, विशेषतः ज्यांनी मालिका आजच सुरू केलीय त्यांना.